गौतमी बलश्री : एका राजाची आई, एका राजाची आजी



पांडवलेणी आपण सगळे चढतो, पण बहुतेक वेळा फोटोसाठी. यावेळी ३ नंबरच्या लेण्यात जरा थांबा. तिथला मोठा लेख एका आईने कोरून घेतलाय.

गौतमी बलश्री ही सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. क्षत्रप नहपानाने घेतलेला आपला नाशिकचा मुलूख या मुलाने परत जिंकला. १९०६ मध्ये जवळच्या जोगलटेंभीला नहपानाची १३,००० हून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा. थेट ओव्हरराइट!

पण मला जास्त आवडतो तो त्याच्या २४व्या वर्षाचा लेख. त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना आधी दिलेलं शेत पडीक, गाव ओस पडलेलं. मग मायलेकांनी मिळून बदली जमीन दिली, १०० निवर्तनं. त्यात बलश्रीची ओळख काय, तर जिचा मुलगा हयात आहे ती.

पुढे नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी तिने ३ नंबरचं लेणं भद्रायणीय भिक्षूंना दिलं. तेव्हा मुलगा राहिला नव्हता. घराणं वेदमार्गी, दान बौद्धांना. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलाला तिने राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या रांगेत बसवलं, शक-यवन-पल्हवांवरचे विजय मोजले. आणि त्या सगळ्या बिरुदांमध्ये हेही कोरून घेतलं, की तो आईच्या सेवेत कधी चुकला नाही.