सायकलच्या दुकानातून उगवलेला कारखाना

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात दरवर्षी कवींवर, संतांवर, क्रांतिकारकांवर लेख येतात. लोखंडाच्या कारखानदारावर कला शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्यांच्याविषयी मी लिहिणार आहे ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे कलेचेच विद्यार्थी होते. त्यांना चित्रकार व्हायचे होते. ते चित्रकार झाले नाहीत, आणि महाराष्ट्राच्या शेतात लोखंडी नांगर आला!

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातील मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, एवढीच त्या काळची अपेक्षा. लक्ष्मणचे चित्त मात्र पुस्तकात रमत नसे. त्याला दोनच गोष्टींचा नाद : चित्रे काढणे आणि हाती लागेल ती यांत्रिक वस्तू उघडून पाहणे. वडिलांना हे पसंत नव्हते. थोरले बंधू रामुअण्णा धाकट्याच्या पाठीशी उभे राहिले, त्यांनी पैशाची सोय केली आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षांतच एक विचित्र आपत्ती ओढवली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, असे ध्यानात आले. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? दुसरा एखादा निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. तेथे रंगांची गरजच नव्हती. त्या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. वर्गात ते आरेखन शिकवीत आणि उरलेल्या वेळात संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रे जवळून पाहत. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. यंत्रे हेच त्यांचे गुरू झाले.

याच काळात त्यांनी मुंबईच्या रस्त्यावर सायकल पाहिली. आज सायकल म्हणजे गरिबाचे वाहन. त्या वेळी ती विलायतेहून येणारी, श्रीमंतांनाच परवडणारी नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव स्वतः सायकल शिकले, आणि मग मुंबईहून सायकली पाठवायच्या व रामुअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, असा व्यवहार सुरू झाला. १८८८ साली सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा उगम या सायकलीच्या व्यापारात आहे. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा ती लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. तेथे ते सायकली विकत, दुरुस्त करीत आणि हौशी मंडळींना सायकल चालवायलाही शिकवीत. बेळगावच्या एका रस्त्याला आजही किर्लोस्करांचे नाव आहे.

सायकलीवर मी एवढे का थांबलो? सायकल हे असे यंत्र आहे की त्यात लपलेले काहीच नसते. साखळी, दात्यांची चाके, छर्रे, आऱ्या सारे डोळ्यांसमोर. जो ती पूर्ण सुटी करून पुन्हा जोडू शकतो, त्याला यंत्रशास्त्राची बाराखडी आली असे समजावे. जगाचा इतिहासही हेच सांगतो. लक्ष्मणराव मुंबईला गेले त्याच १८८५ साली जर्मनीत गॉटलिब डाइमलर आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म माईबाख यांनी घराच्या बागेतील छोट्या कर्मशाळेत लाकडी दुचाकीवर पेट्रोलचे इंजिन बसवले. तोल जाऊ नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना लहान आधारचाके होती. पुढल्याच वर्षी त्यांनी इंजिन घोडागाडीवर चढवले आणि नावेतही बसवून पाहिले. इंजिन एक, कधी खाली दोन चाके, कधी चार, कधी पाणी! अमेरिकेत राइट बंधूंनी १८९२ साली डेटन गावी सायकलचे दुकान काढले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले, तेव्हा त्याचे पंखे फिरवायला सायकलीसारख्याच साखळ्या होत्या. त्याच १९०३ साली लक्ष्मणरावांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला.

हे सारे मी कोणत्याही पाठ्यपुस्तकासाठी वाचले नाही. त्याचे कारण निफाड तालुक्यातील आमच्या गावी आहे. माझा चुलतभाऊ दहावीनंतर शाळा सोडून वेल्डिंगच्या दुकानात काम करतो. भंगारातल्या मोपेडचे इंजिन आणि जुने पाइप घेऊन तो गेली दोन वर्षे एक गाडी बनवत आहे. तिच्यावर बसायचे नसते, आरामखुर्चीत टेकावे तसे पाठ टेकून आणि पाय पुढे पसरून रेलायचे असते. पुढचा भाग चार बोल्टांवर आहे. ते काढले की एका चाकाऐवजी दोन चाकांचा जोड बसतो आणि दुचाकीची तीनचाकी होते. हमरस्त्यावर ती नेण्यास परवानगी नाही, म्हणून तो ती मळ्याच्या वाटेवर चालवून पाहतो. तीनचाकी केली की तोल सांभाळावा लागत नाही, पण अरुंद बांधावरून जाता येत नाही. दुचाकी केली की वळताना अंग झुकवावे लागते, पण कुठूनही निघता येते. हे तो कुठल्याही वर्गात शिकलेला नाही. घरातली वडीलमाणसे मात्र विचारतात, हिचा उपयोग काय? आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. मी शिकतो आणि तो वेळ वाया घालवतो, असे सगळे धरून चालतात. लक्ष्मणरावांचे चरित्र वाचल्यापासून मला ही वाटणी पटेनाशी झाली आहे.

बेळगावात लक्ष्मणरावांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग नांगराला हात घातला. आपला जुना लाकडी नांगर जमीन चिरतो, पण उलथत नाही. लोखंडी नांगराला फाळामागे वळणदार पत्रा असतो; फाळाने कापलेली माती त्यावरून चढते आणि पालथी पडते. हरळी-कुंद्याची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. ज्यांनी काळ्या जमिनीतली हरळी खणली आहे त्यांनाच याचे मोल कळेल. तरीही शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष कालवते, अशी समजूत होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली!

या दोन वर्षांचा मी पुष्कळ विचार केला आहे. शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्याचे सारे जीवन एका हंगामावर अवलंबून असते, तो अनोळखी वस्तू सहजासहजी जमिनीत कशी घालील? लक्ष्मणराव चिडले नाहीत आणि त्यांनी नांगर टाकूनही दिला नाही. वापरणाऱ्याला खात्री पटेपर्यंत यंत्र पुरे झालेले नसते, हे सत्य त्यांनी ओळखले होते.

धंद्याला कुठे बरे दिवस येऊ लागले, तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेच्या हुकुमामुळे सोडणे भाग पडले. यंत्रे होती, माणसे होती. ती मांडायला भूमी नव्हती. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. रंग सोडावे लागलेल्या एका कलावंताला रंगांत रमलेल्या दुसऱ्या कलावंताने आधार द्यावा, हा योगायोग किती सुंदर! त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. त्या माळावर निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. १९१० साली लक्ष्मणराव आपल्या कामगारांसह तेथे उतरले. कारखान्याबरोबर घरे उभी राहिली, आणि गावाला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. वसाहतीची उभारणी रामुअण्णांनी पाहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी तेथे पहारेकरी नेमले. भंगारातूनही कामाचा तुकडा निवडणारी नजर त्यांनी माणसांकडेही वळवली, असे मला वाटते.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल थांबला, देशी नांगरांची मागणी वाढली, पण ओतकामाला लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. पुढे कारखान्यातून उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप बाहेर पडू लागले. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या पत्रातून पुढचे ‘किर्लोस्कर’ मासिक जन्मास आले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून आले आणि त्यांनी उद्योगाचा विस्तार हरिहर, बंगळूर व पुण्यापर्यंत नेला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले.

चित्रकार, शिक्षक, सायकलविक्रेता, नांगर बनवणारा, गाव वसवणारा अशी ही वाट आहे. परिस्थितीने प्रत्येक वळणावर त्यांचे एकेक चाक काढून घेतले, आणि त्यांनी त्याच सांगाड्याला दुसरे चाक जोडून प्रवास चालू ठेवला. पण या चरित्रात मला लक्ष्मणरावांइतकेच मोठे वाटतात ते रामुअण्णा. मुलगा शाळेत रमत नाही, सारखे काहीतरी खोलून बसतो, हे पाहून त्यांनी त्याला नालायक ठरवले नाही. त्याच्यावर पैसे लावले. आज आपल्या नाशिक जिल्ह्यातही घराघरांत, वर्कशॉपांत पाना घेऊन बसलेली अशी मुले आहेत. प्रत्येकजण कारखानदार होणार नाही, हे खरे. परंतु त्यांचे हात जे शिकत आहेत तेही शिक्षणच आहे, एवढे आपण पदवीकडे निघालेल्यांनी जाणले पाहिजे. लक्ष्मण त्या मुलांमधून निघतील. त्यांचे रामुअण्णा मात्र आपल्यालाच व्हावे लागेल.