सायकलने ओढलेलं घर : हलके ट्रेलर बनवणाऱ्या वॉली बायम यांची गोष्ट

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात सात सीटर गाडी दारात असलेली कुटुंबं आता बरीच आहेत. सुट्टी लागली की मुरबाडमार्गे माळशेज, नाहीतर कर्जतच्या बाजूला फेरी ठरलेली. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आता आपल्याच गाडीमागे एखादं छोटं फिरतं घर जोडावं, असा विचार काहींच्या डोक्यात येतो. पण कौटुंबिक गाडीला झेपेल असा ट्रेलर निवडायचा कसा?

याचं उत्तर ज्या माणसाने आयुष्यभर शोधलं त्याचं नाव वॉली बायम. अमेरिकेतल्या प्रसिद्ध ‘एअरस्ट्रीम’ ट्रेलरचे ते जनक.

मेंढपाळाची गाडी

बायम यांचा जन्म 4 जुलै 1896 रोजी ओरेगॉन राज्यातल्या बेकर सिटीत झाला. लहानपणी त्यांनी मेंढ्या राखल्या. तेव्हा मुक्काम असायचा तो गाढव जुंपलेल्या दोन चाकी गाडीत. आत रॉकेलची शेगडी, खाण्याचं सामान आणि धुण्यासाठी बादली. गरजेपुरतंच सामान घेऊन चाकांवर राहता येतं, हे त्यांना तिथेच कळलं.

पुढे ते व्यापारी जहाजांवर राबले, स्टॅनफर्ड विद्यापीठातून पदवीधर झाले आणि लॉस एंजेलिसमध्ये जाहिराती व मासिकांच्या धंद्यात शिरले. त्यांच्या मासिकात घरच्या घरी ट्रेलर कसा बांधायचा यावर एक लेख आला. वाचकांनी तक्रार केली की, दिलेल्या आराखड्याने ट्रेलर बनतच नाही. बायम यांनी स्वतः करून पाहिलं तर तक्रार खरी निघाली.

मग त्यांनी स्वतःच डोकं लावलं. आधी फोर्ड मॉडेल टीच्या सांगाड्यावर तंबू उभारला. पण पत्नी मॅरियन यांना स्वयंपाकघराशिवायचा प्रवास मान्य नव्हता. त्यामुळे पुढच्या ट्रेलरमध्ये शेगडी आली. चाकांच्या मधली जमीन खाली घेतली आणि छत उंचावलं, म्हणजे आत माणूस सरळ उभा राहू शकेल. शेजारपाजारचे लोक असाच ट्रेलर मागू लागले. 1931 मध्ये कल्व्हर सिटीत कारखाना सुरू झाला.

विमानाची युक्ती

त्या काळातले बरेच ट्रेलर लाकूड-प्लायचे, जड आणि चौकोनी असत. हॉली बोलस या ग्लायडर बनवणाऱ्या तंत्रज्ञाने 1934 मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा गोलसर ट्रेलर आणला, पण त्यांचा धंदा बुडाला. बायम यांनी ती कल्पना पुढे नेली. बोलस यांच्या ट्रेलरचं दार पुढे, गाडीला जोडायच्या दांड्यापाशी होतं. बायम यांनी ते बाजूला घेतलं.

1936 मध्ये ‘क्लिपर’ आला. रिव्हेट मारलेलं अ‍ॅल्युमिनियमचं कवच, चार जणांची झोपायची सोय, पाण्याची टाकी आणि विजेचे दिवे. किंमत 1,200 डॉलर. विमानासारखं कवचच भार पेलत असल्याने वजन घटलं आणि गोलाईमुळे वाऱ्याचा विरोधही.

दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅल्युमिनियम विमानांकडे वळलं आणि कारखाना बंद पडला. बायम विमान कंपन्यांत नोकरीला लागले. युद्धानंतर मात्र ते पुन्हा ट्रेलरकडेच आले. 1947 मध्ये फ्रेंच सायकलपटू आल्फ्रेड लेटूर्नेर सायकलने एअरस्ट्रीम ओढत असल्याचा फोटो काढला गेला. ट्रेलर किती हलका आहे, हे सांगायला त्याहून चांगली जाहिरात नव्हती.

रस्त्यावरची परीक्षा

सपाट रस्त्यावर सायकलने ओढणं वेगळं आणि डोंगर ओलांडणं वेगळं. 1951 च्या अखेरीस बायम 63 ट्रेलरचा ताफा घेऊन मध्य अमेरिकेकडे निघाले. निकाराग्वातल्या मानाग्वाला पोचले फक्त 14. कच्च्या रस्त्यांनी आणि चढांनी बाकीच्यांचा घाम काढला. काय मोडतं आणि का मोडतं, हे बघून बायम यांनी पुढचे ट्रेलर सुधारले. 1959-60 मध्ये त्यांचा 41 ट्रेलरचा ताफा केपटाऊनहून थेट कैरोला गेला. 22 जुलै 1962 रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. 1969 मध्ये चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवलं, तेही एअरस्ट्रीमच्याच एका बदललेल्या ट्रेलरमध्ये.

मग आपण काय बघायचं?

पहिली गोष्ट, रिकाम्या ट्रेलरचं वजन बघून फसू नये. शंभर लिटर पाणी भरलं की शंभर किलो वाढले. त्यात गॅस, गाद्या, भांडी. भरलेल्या ट्रेलरचं वजन हेच खरं वजन. अमेरिकेतल्या अनेक मिनीव्हॅन योग्य जोडणी असेल तर सुमारे 1,600 किलोपर्यंत ओढतात. तो आकडा आपल्या गाडीला लावू नये. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलीच नसेल, तर ती गाडी त्या कामाची नाही असंच समजावं.

दुसरी गोष्ट, वजन कुठे आहे. एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार जोडणीवर यावा. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळते, हे आपल्याला माहीत आहे. ट्रेलरमध्ये मागे भार झाला तर तो वेगात डावी-उजवीकडे झोकांड्या खातो आणि पुढची गाडीही ओढली जाते.

तिसरी गोष्ट म्हणजे ब्रेक. घाट चढताना इंजिन कुरकुरतं, पण जीवावर बेततं ते उतरताना. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. शिवाय आपल्याकडे ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी लागते, तेव्हा पैसे देण्याआधी कागदपत्रं तपासावीत.

आणि शेवटी, मेंढपाळाच्या त्या गाडीतलं सामान आठवावं. शेगडी, शिधा, बादली. त्यापुढची प्रत्येक वस्तू घाटात आपल्याच इंजिनाला आणि ब्रेकला ओढायची आहे.