मुक्या जनावरांचा कैवारी : गाडगेबाबा

वऱ्हाडात गाडगेबाबांचे नाव निघाले की खराटा आठवतो. गावाची घाण झाडणारा संत ही त्यांची ओळख पक्की आहे. पण माणसाच्या आरोग्याशी जोडलेले त्यांचे आणखी एक काम होते, ते म्हणजे जनावरांचे. नवसाला कापला जाणारा बकरा आणि कामातून गेलेला बैल यांच्यासाठीही हा माणूस आयुष्यभर झटला.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. घर परिटाचे. त्या काळी बारसे असो की नवस, बकरे आणि दारू यांवाचून पंगत उठत नसे. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि डेबू लहान असतानाच वारले. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. दारू आणि देवाच्या नावाचा बळी घर कसे बुडवतात, हे त्या मुलाला कोणी शिकवावे लागले नाही.

दापुऱ्यात मामाकडे डेबूच्या वाट्याला गुरे आली. पहाटे गोठा झाडायचा, शेण भरायचे, गुरे चारायला न्यायची, नदीवर धुवायची. पुढे तो औत हाकू लागला. गुराख्याला जनावराचे दुखणे लवकर कळते. रवंथ थांबली, कान पडले, एक पाय उचलून धरला, की काहीतरी बिघडले हे तो ओळखतो. जनावर बोलत नसले तरी त्याला वेदना होतात, हे ज्ञान डेबूजींना पोथीतून नव्हे, गोठ्यातून मिळाले.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला भाऊबंद मटणाच्या जेवणाची वाट पाहत बसले होते. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. जातीची रीत मोडली म्हणून कुरकूर झाली, पण ते मागे हटले नाहीत. बळी बंद करण्याची सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मडक्याचे खापर. त्या खापरावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांचे कीर्तन म्हणजे समोर बसलेल्यांशी चाललेली सवाल-जबाबाची बैठक. देव सगळ्यांचा मायबाप असेल, तर एका लेकरासाठी दुसऱ्या लेकराचा जीव तो कशाला मागेल, अशा धाटणीचे साधे प्रश्न ते विचारत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत. वरवंडे येथे १९३१ मध्ये त्यांच्या प्रबोधनानंतर पशुहत्या थांबली.

वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर या कामाचे मोल वेगळेच दिसते. जत्रेत कापल्या जाणाऱ्या जनावराची तपासणी होत नाही. त्याला ताप आहे का, अंगावर गाठी आहेत का, कोणी पाहत नाही. रक्त मातीत आणि पाण्यात जाते, माश्या घोंगावतात आणि तेच मांस शेकडो लोकांच्या पानात पडते. पशुवधगृहांसाठी २००१ मध्ये आलेले केंद्राचे नियम हेच धोके टाळायला सांगतात. जनावराला आधी २४ तास विश्रांती द्यावी, पशुवैद्यकाने तासाला १२ हून अधिक जनावरे तपासू नयेत, एका जनावरासमोर दुसरे कापू नये, गाभण जनावर कापू नये.

बळी थांबवला तरी दुसरा प्रश्न उरतोच. म्हातारे, लंगडे, भाकड जनावर कोणी सांभाळायचे? पोळ्याला ज्याची शिंगे रंगवली, त्याच बैलाला तो थकल्यावर दावे सोडून हाकलून देणारे तेव्हाही होते. गाडगेबाबांनी १९२५ मध्ये मूर्तिजापूरला गोरक्षणाचे काम उभे केले आणि तिथेच धर्मशाळा व विद्यालयही बांधले. मुक्या प्राण्यांना अभय देणे हे त्यांनी भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देण्याच्या ओळीत बसवले.

आज कायदाही त्याच दिशेने बोलतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार मालकाने जनावराला चारा, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा आहे, आणि आजारी किंवा अपंग जनावर रस्त्यावर मरायला सोडणे हाही गुन्हा आहे. महाराष्ट्रात गाईच्या हत्येवर आधीपासून असलेली बंदी २०१५ पासून बैल आणि वळूलाही लागू झाली. त्यामुळे अपघातात पाय मोडलेला बैल मांसासाठी घाईने कापणे हा पर्यायच इथे नाही.

मात्र वाचण्याची आशाच नसलेल्या जनावराच्या वेदनांचे काय? त्याचे उत्तर त्याच १९६० च्या कायद्यात आहे. रस्त्यावर असे जखमी जनावर आढळले आणि मालक हजर नसला किंवा तयार नसला, तर पोलीस अधिकारी सरकारी पशुवैद्यकाला बोलावतो. जनावर जिवंत ठेवणे क्रूरपणाचे ठरेल असा दाखला पशुवैद्यकाने दिला, तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने त्याची वेदनेतून सुटका करता येते. गावकऱ्यांनी सुरी किंवा कुऱ्हाड हातात घेण्याला त्यात जागा नाही.

घाईच्या कत्तलीत माणसाच्या जिवालाही धोका असतो. धडधाकट जनावर अचानक मेले आणि नाकातून, गुदद्वारातून काळपट रक्त आले, तर ती काळपुळी असू शकते. असे जनावर कापू नये, सोलू नये, खाऊ नये. रक्त हवेत उघडे पडले की जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत अनेक वर्षे टिकतात. गाय लाळ गाळते, तिला गिळता येत नाही, तेव्हा घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालणारे पुष्कळ असतात. ती पिसाळलेली असेल तर त्या हाताला रेबीजचा धोका असतो. हात साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. आजारी जनावराला दिलेले इंजेक्शनही मांसात उतरते. तेव्हा आधी पशुवैद्यक, बाकी सारे नंतर.

गाडगेबाबा शेवटपर्यंत फिरत राहिले. १९५४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावतीला आहे आणि तिथले विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने चालते. दापुऱ्याच्या गोठ्यात शिकलेला धडा त्यांनी कधी सोडला नाही. जनावराने काम केले तोवरच त्याला चारा, हा हिशेब त्यांनी मानला नाही.