ठिणगी खटकली आणि मोटार बदलली

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या कारची मोटार कधी उघडून पाहिलीय? मधे तांब्याच्या तारेचे वेढे, बाजूनं चुंबक आणि मागे दोन इवलेसे ब्रश. स्पीड वाढवायचा म्हणून आपल्या नंदुरबारातही कुणी वाइंडिंगच्या दुकानातून तार आणतं आणि जाड तारेचे कमी वेढे घालतं. कार सुसाट पळते खरी, पण मोटार करंट जास्त खेचते, तापते, ब्रशजवळ ठिणग्या उडतात. ब्रश झिजले की खेळ खल्लास!

ब्रशच्या याच ठिणग्या जवळपास दीडशे वर्षांपूर्वी एका कॉलेजकुमाराला खटकल्या होत्या. त्याचं नाव निकोला टेस्ला. जन्म १० जुलै १८५६, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावचा. ऑस्ट्रियात ग्राझला शिकत असताना वर्गात डीसीवर चालणारं यंत्र दाखवलं गेलं. ब्रश ठिणग्या टाकत होते. ब्रश काढूनच टाकले तर, असं टेस्लाला वाटलं. प्राध्यापकांनी भर वर्गात ते अशक्य ठरवलं. पुढे तो जुगाराच्या नादी लागला, डिग्रीही राहून गेली. मोटार मात्र डोक्यातून जाईना.

१८८२ मध्ये बुडापेस्टच्या बागेत मित्राबरोबर फिरताना त्याला उत्तर सुचलं. वेगवेगळ्या कॉइलमधून एसी करंट पाळीपाळीनं वाढता-घटता ठेवला, तर चुंबकी क्षेत्रच गोल फिरतं आणि मधला रोटर त्याच्यामागे ओढला जातो. रोटरला वीज पोचवायला ब्रश लागतच नाहीत! त्यानं काठीनं मातीत आकृती काढून मित्राला हे समजावलं. पुढच्या वर्षी नोकरी सांभाळून तशी मोटार बनवली. ती चालली, पण पैसा लावायला कुणी पुढे येईना.

१८८४ मध्ये तो अमेरिकेला गेला. एडिसनच्या कंपनीतली नोकरी काही महिन्यांतच सुटली. स्वतःच्या नावानं काढलेल्या कंपनीतून पैसेवाल्यांनी त्यालाच बाहेर काढलं. पोटासाठी त्यानं चर खोदले. अखेर १८८८ मध्ये पेटंटं मिळाली आणि वेस्टिंगहाऊसनं त्यांचे हक्क घेतले. १८९८ मध्ये न्यूयॉर्कला त्यानं रेडिओ लहरींवर चालणारी छोटी बोट दाखवली. तुमच्या रिमोट कारची ही पणजीच!

७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत तो वारला. सोबत कुणी नव्हतं, डोक्यावर कर्ज होतं.

आज शहादा-तळोद्याकडे थ्री फेज आली की शेतातला पंप सुरू होतो, तो टेस्लाच्या फिरत्या चुंबकी क्षेत्रावर. रेसिंग कारमधल्या ब्रशलेस मोटारीतही तसंच क्षेत्र फिरतं. फरक इतकाच, की तिथे रोटरवर कायमचे चुंबक असतात आणि कॉइलची पाळी इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं.

तेव्हा पुढच्या वेळी मोटार उघडाल आणि ठिणगी दिसेल, तर नुसते ब्रश बदलून मोकळे होऊ नका. ती का उडतेय, हेही शोधा.