ऋणमुक्त सर वॉल्टर स्कॉट

सर वॉल्टर स्कॉट यांचा जन्म १७७१ सालीं एडिंबरो येथें झाला. बालपणींच्या दुखण्यानें एक पाय अधू झाला, तरी पुढें ते थोर कादंबरीकार झाले. एडिंबरोच्या किल्ल्यांत आम्हीं स्कॉटलंडचा राजमुकुट पाहिला. १७०७ पासून पेटींत बंद असलेला हा मुकुट १८१८ सालीं स्कॉट यांच्याच खटपटीनें उजेडांत आला. १८२६ सालीं त्यांचे छापखानदार व प्रकाशक बुडाले आणि लक्षाहून अधिक पौंडांचें कर्ज त्यांच्या शिरावर आलें. मित्रांची मदत नाकारून त्यांनीं तें लेखणीनेंच फेडण्याचा निश्चय केला व देह झिजेपर्यंत लिहिलें. १८३२ सालीं ते निवर्तले. ड्रायबर्गच्या भग्न मठांतील त्यांच्या कबरीचें आम्हीं दर्शन घेतलें. उरलेलें कर्ज पुढें त्यांच्या ग्रंथांच्या हक्कांवर फिटलें. विद्यार्थ्यांनीं त्यांच्या कादंबऱ्यांबरोबर ही सचोटीही अभ्यासावी.