पडदा रंगवणारा सिनेमावाला : बाबूराव पेंटर

गॅदरिंगचं पोस्टर आज मोबाईलवर दहा मिनिटांत तयार होतं. शंभर वर्षांपूर्वी मात्र आपल्याकडे सिनेमाची जाहिरात म्हणजे बहुतेक वेळा नुसत्या अक्षरांचं हँडबिल. त्यात रंग आणि चेहरे आणणाऱ्यांत पहिलं नाव येतं बाबूराव पेंटर यांचं.

3 जून 1890 ला कोल्हापुरात जन्म. आडनाव मेस्त्री, घराणं कारागिरांचं. आर्ट स्कूलचं तोंडही न बघता बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. ते पडदे एवढे गाजले, की ‘पेंटर’ हेच आडनाव झालं. दोघांनाही सिनेमाचं वेड लागलं. पण 1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले यांच्या साथीनं त्यांनी कॅमेरा चक्क घरीच बनवला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशांची मदत केली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

मग बाबूरावांनी पुन्हा ब्रश उचलला. आपल्या सिनेमांची पोस्टरं ते स्वतः रंगवायचे, फोटो आणि माहिती असलेल्या पुस्तिका काढायचे. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र भारतीय पोस्टरांत गणलं जातं.

ही युक्ती परदेशात जुनीच होती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत गाण्यांची स्वरलिपी छापून विकायचे. रेकॉर्ड नव्हत्या, रेडिओ नव्हता; त्यामुळे गिऱ्हाईक आधी बघायचं ते रंगीत मुखपृष्ठ. तिथल्या ‘मिन्स्ट्रेल शो’मध्ये गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायचे. मुखपृष्ठांवरही तेच : जाड ओठ, वटारलेले डोळे, वेडीवाकडी अंगं. घरोघरी पियानोवर ती चित्रं पोचली आणि अनेकांना तीच खरी माणसं वाटू लागली.

विकण्यासाठी गरिबाची टिंगल करणं बाबूरावांनाही सोपं होतं. त्यांनी 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ केला. ना. ह. आपटे यांची कथा, नायक कर्जात जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी. ती भूमिका केली तरुण व्ही. शांताराम यांनी. देवादिकांच्या सिनेमांच्या त्या काळात हा साधा शेतकरी हसण्याचा विषय झाला नाही, तो गोष्टीचा मालक झाला. धडगाव-अक्कलकुव्यातून दरवर्षी कामासाठी गुजरातची वाट धरणाऱ्या घरांना ही गोष्ट आजही जुनी वाटणार नाही.

16 जानेवारी 1954 ला बाबूराव गेले. त्यांचे बहुतेक मूकपट आज हरवलेत. उरलेत काही तुकडे, काही फोटो, थोडी पोस्टरं. शो संपतो, कागद मागे राहतो. म्हणून गॅदरिंगच्या पुढच्या पोस्टरवर कुणाचा चेहरा टाकाल, तेव्हा एवढंच बघा : आपण त्या माणसाला दाखवतोय, की त्याला हसतोय?