बाबासाहेबांचे संकल्प आणि दौलताबादचा हौद

नवे वर्ष आले, वाढदिवस आला की आपल्यातले अनेक तरुण आयुष्यात काय काय करायचे याची यादी करतात. चांगली नोकरी, स्वतःचे घर, गाडी, परदेशवारी. यात गैर काहीच नाही. ज्या समाजाला स्वप्न पाहण्याचीही मुभा नव्हती, त्याची लेकरे आज अशी यादी करतात, हेच बाबासाहेबांच्या लढ्याचे फळ आहे. मात्र खुद्द बाबासाहेबांनी आपले संकल्प कसे तडीस नेले, हे आपण अधूनमधून तपासून पाहिले पाहिजे.

पहिला संकल्प शिक्षणाचा. १९१३ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला जाऊन अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी या दोन्ही अभ्यासांना त्यांनी हात घातला. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि सगळे अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तिथे राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. इतका शिकलेला माणूस कामाठी बागेत तासन्‌तास बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो आणि २३ सप्टेंबरला संकल्प दिन पाळतो.

बाबासाहेबांनी अर्धवट राहिलेली गोष्ट सोडून दिली नाही. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा जमवला. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध मात्र परीक्षकांना खटकला. दुरुस्त करून तो पुन्हा पाठवावा लागला, तेव्हा १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. या साऱ्या काळात माता रमाई घर कसे चालवत होत्या, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून ही पदवी एकट्याची नव्हती.

दुसरा संकल्प पाण्याचा, म्हणजेच माणूसपणाचा. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. न्यायालयातली लढाई पुढे दहा वर्षे चालली आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

या दहा वर्षांच्या मधोमध दौलताबादचा प्रसंग येतो. साल १९३४. चळवळीतल्या सुमारे तीस कार्यकर्त्यांसोबत बाबासाहेब वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. हा मुलूख तेव्हा निजामाचा. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. काही जणांनी तिथे तोंड-पाय धुतले आणि मंडळी दाराशी गेली. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान, हौद बाटवला, असे ओरडत मागून आला. बघता बघता जमाव जमला आणि शिवीगाळ सुरू झाली. स्थानिक अस्पृश्यांनाही धमकावले गेले. आम्ही बाहेरचे, आम्हाला इथला रिवाज ठाऊक नव्हता, हे कोणी ऐकेना.

दोनच वर्षांपूर्वी गोलमेज परिषदेत बसलेला हा माणूस इथे पाय धुतल्याबद्दल गुन्हेगार ठरत होता. बाबासाहेबांनी जमावालाच सवाल केला : तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही पाण्यापासून अडवाल का? जमाव गप्प झाला. किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देण्यात आला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. जातीचा रोग एका धर्माच्या कुंपणात थांबत नाही, तो शेजाऱ्यालाही लागतो, हे त्यांना त्यातून दाखवायचे होते. आज हा प्रसंग सांगून कोणी एका समाजाविरुद्ध द्वेष पेरत असेल, तर त्याला बाबासाहेब कळलेच नाहीत, असे आम्हाला वाटते.

पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. ती पूर्ण व्हायला एकवीस वर्षे लागली. मधल्या काळात पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, संविधान लिहिले गेले. १९५० मध्ये औरंगाबादेत सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. तेच आपले मिलिंद, आणि तो परिसर म्हणजे नागसेनवन. दौलताबादच्या हौदापासून हे अंतर अवघे पंधरा किलोमीटर असेल. ज्या मुलखात पाणी नाकारले गेले, तिथेच खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी ज्ञानाचा पाणवठा खुला झाला. भन्ते नागसेनांना निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव त्याला मिळाले, हेही ध्यानात ठेवावे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात येवल्याचा शब्द खरा झाला. तरीही सगळे पुरे झाले नाही. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडावे लागले. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ छापून आलेला त्यांना पाहता आला नाही. रिपब्लिकन पक्ष त्यांच्या पश्चात स्थापन झाला. कितीतरी हस्तलिखिते अपुरी राहिली.

मित्रहो, त्यांच्या यादीत अपुरे राहिलेले ते आता आपल्या वाट्याला आले आहे. दीक्षाभूमीवर त्यांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपण त्या भिंतीवर लावल्या, पण त्यांतल्या किती आचरणात आणल्या? वस्तीत अभ्यासिका काढणे, गळती झालेल्या एका मुलीला पुन्हा शाळेत पाठवणे, घरातल्या लग्नात हुंडा आणि कर्मकांड थांबवणे, ही कामे आपल्या हातातली आहेत. वेरूळला जाताना दौलताबादला थांबलात, तर किल्ल्याच्या उंचीबरोबर दाराशी घडलेला हा इतिहासही मुलांना सांगा. आणि आपल्या यादीत घर-गाडीच्या शेजारी समाजासाठी एक तरी ओळ लिहा. ती पूर्ण करायला एकवीस वर्षे लागली, तरी सोडू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!